एका तुळईचे एकवीस महिने

आमच्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीत तळाशी आडवी गेलेली एक तुळई कुजली होती. सगळी नाही, जेमतेम सव्वा मीटर. तेवढा तुकडा बदलून वरच्या भिंतीला चुन्याचा शेवटचा हात बसेपर्यंत एकवीस महिने गेले. 'एवढा वेळ?' असं गावाकडच्या प्रत्येक फोनवर कुणीतरी विचारायचंच. दोन वाक्यांत सांगून ते कुणाला पटलं नसतं, म्हणून आता काम उरकल्यावर सविस्तर लिहिते आहे.

आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टला लागून असलेल्या एस्लिंगेन शहरात राहतो. श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं जोडशहर आहे आणि इथल्या कारखान्यांत मराठी इंजिनिअर पुष्कळ. माझा नवरा त्यांतलाच एक. एस्लिंगेन नेकार नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या उताराखाली वसलेलं. मध्ययुगात ते थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र शहर होतं आणि वाइनच्या व्यापारावर चांगलं पोसलेलं होतं. १७०१ च्या आगीत बाजाराकडचा मोठा भाग जळाला, पण बाकीचा वाचला. दुसऱ्या महायुद्धातही इथे फारशी पडझड झाली नाही. त्यामुळे तेराव्या ते सोळाव्या शतकातली दोनशेहून अधिक लाकडी सांगाड्याची घरं अजून उभी आहेत आणि त्यांत माणसं राहतात, दुकानं चालतात, मुलं शाळेतून घरी येतात. हाफेनमार्क्ट नावाच्या चौकात अशा घरांची एक ओळ आहे, १३२८ ते १३३१ या काळात बांधलेली. एकमेकांना लागून असलेल्या अशा घरांची जर्मनीतली सगळ्यांत जुनी ओळ तीच समजली जाते. मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्याच सुमारास इथले सुतार या घरांचे खांब उभे करत होते. पहिल्यांदा त्या ओळीसमोर उभी राहिले तेव्हा हे मनात आलं आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही.

या बांधणीला जर्मनमध्ये 'फाखवेर्क' म्हणतात. 'फाख' म्हणजे खण. आधी लाकडाचा सांगाडा उभा करायचा: खाली आडवी तुळई, तिच्यावर खांब, वर पुन्हा तुळई आणि सांगाडा डुलू नये म्हणून तिरके टेकू. घराचं सगळं वजन हा सांगाडा पेलतो. मग लाकडांमधले खण भरायचे. ते कसे भरतात हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ओकच्या फोडलेल्या काठ्या उभ्या रोवायच्या, त्यांतून विलोच्या लवचीक फांद्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी पेंढा घालून तुडवलेली माती थापायची. म्हणजे कूडच! संगमेश्वराजवळच्या आमच्या घरात आजीच्या स्वयंपाकघराची भिंत कारवीच्या कुडाची होती. आजी ती शेणाने सारवायची, इथे वरून चुन्याचा गिलावा देतात.

तळाच्या आडव्या तुळईला इथे 'श्वेले' म्हणतात. दाराच्या उंबऱ्यालाही जर्मनमध्ये हाच शब्द आहे, म्हणून मी तिला उंबऱ्याची तुळई म्हणते. सगळे खांब तिच्यावर उभे असतात आणि भिंतीवरून ओघळणारा पाऊस शेवटी तिच्यावरच येऊन थांबतो. असं घर कुजायला लागतं ते बहुतेक वेळा तिथूनच.

आमचं घर त्या प्रसिद्ध ओळीतलं नाही, एका गल्लीतलं साधं आणि अरुंद आहे. खाली दगडी कमानीचं तळघर, त्यावर दगडी तळमजला, त्यावर लाकडाचे दोन मजले आणि उंच उतरतं छप्पर. लाकडाचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा वीतभर पुढे आलेला. आम्ही घेण्याआधी ते सहा वर्षं रिकामं होतं, म्हणूनच आम्हाला परवडलं. खरेदीखतात एक ओळ होती की ही वास्तू संरक्षित आहे. त्या एका ओळीत काय काय सामावलं आहे, ते आम्हाला सही करताना कळलेलं नव्हतं.

आमच्या राज्याचा, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बेर्गचा, स्मारक संरक्षणाचा कायदा १९७२ च्या जानेवारीपासून लागू आहे. शास्त्रीय, कलात्मक किंवा स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने जी वास्तू जपण्यात लोकांचं हित आहे, ती या कायद्याने आपोआप संरक्षित ठरते; यादीत नाव चढण्यावर ते अवलंबून नसतं. मालकाने ती आपल्याला झेपेल तितकी सांभाळायची, आणि बदल करण्याआधी परवानगी घ्यायची. आणि संरक्षण फक्त दर्शनी भागाला नसतं. जिना, दारं, जमिनीच्या फळ्या, आतला गिलावा, सगळं त्यात आलं.

आमचा मूळ बेत अगदी वेगळा होता. घर थंड होतं, खिडक्यांच्या फटींतून वारा यायचा. बाहेरून चौदा सेंटीमीटर जाडीचं थर्माकोलचं आवरण आणि तीन काचांच्या प्लास्टिकच्या खिडक्या, असा सल्ला एका कंत्राटदाराने दिला होता आणि अंदाजपत्रकही पाठवलं होतं. आम्ही त्यावर सही करायच्या बेतात होतो. त्याच आठवड्यात, ऑक्टोबरात, नवऱ्याच्या ओळखीतला एक वयस्कर सुतार घर बघायला आला. जुन्या घरांची कामं करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. उत्तरेच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा तो बोटाच्या पेराने वाजवत चालला होता. एका जागी आवाज पोकळ आला. तिथला पोपडा हातानेच निघाला. खालच्या लाकडात त्याने टोच्या दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मग शेजारच्या धड लाकडात ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया टोचल्या. आकडा आला बत्तीस टक्के.

"लाकूड म्हातारं होऊन मरत नाही," तो म्हणाला. "वीस टक्क्यांच्या खाली ठेवा, तुमच्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरेल."

नेमकं काय झालं होतं, ते त्याने तिथेच ओट्यावर बसून समजावलं. लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं आणि आकसतं. माती आणि चुना त्याच्याबरोबर थोडं हलतात. भेग पडलीच तर आत गेलेलं पाणी ते शोषून घेतात आणि ऊन पडलं की हवेला परत देतात. आधीच्या कुणा मालकाने पन्नासएक वर्षांपूर्वी या भिंतीवर सिमेंट चढवलं होतं, टिकाऊ म्हणून. सिमेंट हलत नाही. लाकूड आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, त्या फटीतून पाणी शिरतं आणि मागे कोंडून राहतं. तुळई वर्षानुवर्षं ओली राहिली. त्यावर थर्माकोल बसवला असता तर कुजणं दिसलंही नसतं आणि थांबलंही नसतं. ते अंदाजपत्रक आम्ही त्याच संध्याकाळी बाजूला ठेवलं.

शहराच्या स्मारक संरक्षण कार्यालयाला पत्र लिहिताना मला धास्ती वाटत होती. आमच्या ओळखीतले लोक सांगायचे, तिथे पाय ठेवलात की खिळा ठोकायलाही अर्ज करावा लागेल. प्रत्यक्षात तीन आठवड्यांनी दोन बाई घरी आल्या, एक शहराच्या कार्यालयातल्या आणि एक राज्याच्या स्मारक खात्यातल्या. हे राज्याचं खातं एस्लिंगेनमध्येच आहे. दोघींनी बूट काढले, तळघरापासून माळ्यापर्यंत अडीच तास घर बघितलं आणि 'नाही' हा शब्द फक्त दोनदा उच्चारला: थर्माकोलला आणि प्लास्टिकच्या खिडक्यांना. बाकीचा सगळा वेळ त्या मला प्रश्न विचारत होत्या. या दारामागे काय आहे? ही भिंत कधी उघडून पाहिली आहे का? घर कुठल्या काळी कसं बदलत गेलं, ते कळल्याशिवाय काय काढायचं आणि काय ठेवायचं हे ठरवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा ते वेळकाढूपणाचं वाटलं होतं, हे कबूल करते. एक तुळई कुजली आहे आणि या बाई चार मजल्यांचा इतिहास मागतायत!

तो इतिहास काढण्यात पाच महिने गेले. आणि या सगळ्या प्रवासातला माझा सगळ्यांत आवडता काळ तोच.

आधी मोजणी झाली. साध्या नकाशात भिंती सरळ रेषेत काढतात. इथे घर जसं वाकलं, झुकलं आहे तसंच कागदावर उतरवायचं असतं. मोजणी करणाऱ्या मुलीने आम्हाला दाखवलं की रस्त्याकडचा कोपरा मागच्या कोपऱ्यापेक्षा अकरा सेंटीमीटर खाली आहे. मी घाबरले. ती म्हणाली, या दाराकडे बघा. दुसऱ्या मजल्यावरचं ते दार कोरीव चौकटीचं, अठराव्या शतकातल्या धाटणीचं. भिंत तिरकी, पण दाराची चौकट ओळंब्यात सरळ. म्हणजे दार बसवलं तेव्हा भिंत आधीच झुकलेली होती आणि सुताराने झुकलेल्या भिंतीत सरळ दार बसवलं. त्यानंतर घर हललेलं नाही, हललं असतं तर दारही तिरकं झालं असतं. दोन-अडीचशे वर्षांची हमी एका दाराने दिली. त्या रात्री मी शांत झोपले.

मग आतल्या भिंतींवर तळहाताएवढ्या जागा निवडून रंगाचे आणि गिलाव्याचे थर एकेक करून उघडले. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत जिप्समच्या पत्र्यामागे वॉलपेपरचे थर होते, त्यामागे गिलावा आणि त्याच्यामागे भिंतच नव्हती. होत्या बोटाएवढ्या नव्हे, चार-चार बोटं जाडीच्या उभ्या फळ्या, खांबांच्या खाचांत शेजारी शेजारी सरकवून बसवलेल्या, काळपट तपकिरी. राज्याच्या खात्यातल्या बाईंनी हात तोंडावर ठेवला आणि क्षणभर काही बोलल्याच नाहीत.

दक्षिण जर्मनीतल्या मध्ययुगीन घरात ही 'बोलेनश्टूबे' असायची, म्हणजे चारही बाजूंनी फळ्यांनी मढवलेली एक ऊबदार खोली. बाकीचं घर थंड आणि धुराने भरलेलं. फक्त या खोलीतल्या शेगडीत लाकडं शेजारच्या स्वयंपाकघराच्या बाजूने सारायचे, त्यामुळे ऊब खोलीत यायची आणि धूर बाहेर राहायचा. हिवाळ्यात घरातले सगळे इथेच जेवायचे, शिवायचे, हिशेब करायचे. आपल्याकडचं माजघर डोळ्यांसमोर आणा: घराच्या पोटातली, सगळ्यांची खोली. त्या खोलीत आम्ही दोन वर्षं कपड्यांचं कपाट ठेवलं होतं. आता तिथे आमचं जेवणाचं टेबल आहे आणि एका बाजूच्या फळ्या उघड्या ठेवल्या आहेत.

माळ्यावरचे वासे काजळीने काळे झालेले. खाली उघडी चूल होती आणि धूर छपरातून वाट काढायचा, त्याची ही खूण. वाशांवर पटाशीने कोरलेल्या रेघा दिसल्या: एक, दोन, तीन, मग तिरकी रेघ. सुतार सगळा सांगाडा आधी मोकळ्या जागेत जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर खूण करायचे, मग सुटा करून जागेवर उभा करायचे. कुठलं लाकूड कुठे जायचं ते या खुणा सांगतात. दोन वाशांना टोकाशी आरपार भोकं होती, लाकडाच्या पाचरीने बुजवलेली. ती भोकं तराफ्याची. ब्लॅक फॉरेस्टमधली फरची लाकडं या भोकांतून पिळलेल्या फांद्यांनी एकमेकांना बांधून नेकारच्या प्रवाहावर सोडली जायची आणि इथे काठाला लागायची. पाण्यावरून आलेलं लाकूड माझ्या डोक्यावर आहे, हे माझ्या मुलीला फार आवडलं. शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन येऊन तिने ती भोकं दाखवली.

लाकडाचं वय काढणारे गृहस्थ पेन्सिलीएवढ्या जाडीचे नमुने पोकळ गिरमिटाने काढून घेऊन गेले. झाडाच्या खोडात दर वर्षी एक कडं वाढतं; चांगल्या पावसाच्या वर्षी रुंद, दुष्काळात बारीक. रुंद-बारीक कड्यांचा क्रम एखाद्या ठशासारखा असतो. तो आधी तयार असलेल्या क्रमाशी जुळवला की वर्ष कळतं. असे क्रम जुळवण्याचं फार मोठं काम आमच्या शेजारीच, श्टुटगार्टच्या होहेनहाइम विद्यापीठात झालेलं आहे. ओक आणि पाइन मिळून तिथली साखळी बारा हजारांहून अधिक वर्षं मागे जाते. सालीखालचं शेवटचं कडं शाबूत असेल तर झाड कुठल्या हिवाळ्यात तोडलं तेही सांगता येतं. आणि त्या काळी लाकूड ओलंच वापरत, त्यामुळे झाड तोडल्यावर एखाद-दोन वर्षांत घर उभं राहिलेलं असे.

अहवाल आला. वासे आणि खांब पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडएकशे वर्षं आधीचे. पण ज्या तुळईसाठी हे सगळं चाललं होतं ती तेवढी जुनी निघाली नाही. ती अठराव्या शतकातली होती. म्हणजे आमच्या आधी कुणीतरी हीच तुळई, याच जागी, कुजली म्हणून बदलली होती.

मला वाटलं, मग झालं की! मूळची नाही तर सगळीच काढून नवी घालू, सोपं पडेल. मी तसं फोनवर विचारलंही. शहराच्या कार्यालयातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की ती दुरुस्तीही आता या घराचाच भाग आहे. सव्वा मीटर कुजलं आहे, तर सव्वा मीटर काढा. उरलेले अडीच मीटर धड आहेत, ते का टाकायचे? वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला एक सनद तयार झाली होती, जगभर ती मानतात. त्यात म्हटलं आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. मी ते तत्त्व फक्त मोठमोठ्या देवळांना आणि किल्ल्यांना लागू असेल असं समजत होते. माझ्या घराच्या तुळईलाही ते लागू होतं.

अर्जात मोजणीचे नकाशे, फोटो, अहवाल आणि सुताराचं कामवार अंदाजपत्रक जोडलं. साडेतीन महिन्यांनी, जुलैत, परवानगी आली, अटींसह: सिमेंट पूर्ण काढायचं, खण जुन्या रीतीने भरायचे, जुनी माती शक्य तितकी परत वापरायची, प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवायचे. इथे एक गोष्ट जर्मनीत जुनं घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. स्वतः राहत्या संरक्षित घराच्या जतनाचा खर्च दहा वर्षं दर वर्षी नऊ टक्के या हिशेबाने करपात्र उत्पन्नातून वजा होतो. पण काम सुरू करण्याआधी ते संरक्षण कार्यालयाशी ठरलेलं असावं लागतं, नंतर तसा दाखला मिळतो. आधी काम आणि मग कागद असं केलंत तर दाखला मिळत नाही. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाचं असं मोठं नुकसान झालं.

सुतार लगेच मोकळा नव्हता. या कामाची जाण असलेली माणसं कमी आहेत आणि थंडीत माती-चुन्याचं काम होत नाही, गोठून भुगा होतो. भिंतीला ताडपत्री लावून आम्ही एक आख्खा हिवाळा काढला. तो हिवाळा कठीण गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

एप्रिलमध्ये सुतार आला, बरोबर एक तरुण पोर. काळी कॉर्डुरॉयची बेलबॉटम पँट, काळं जाकीट, रुंद काठाची टोपी. शिकाऊपण संपलेले काही सुतार इथे अजूनही अशा वेशात गावोगाव फिरून काम करतात. तीन वर्षं आणि एक दिवस, आणि त्या काळात आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल ठेवायचं नाही. तो तीन आठवडे आमच्याकडे राहिला. वरण-भात त्याला फार आवडायचा.

वरचं वजन आधी जॅकवर घेतलं. चार जॅक, आणि प्रत्येकाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने, पाळीपाळीने. सुतार दर वेळी थांबून कान देऊन ऐकायचा. घर दोन-तीन मिलिमीटर उचललं गेलं तेव्हा कुठेतरी वर एक कर्र असा आवाज झाला आणि तो म्हणाला, बास. मग कुजकं लाकूड काढलं. ते करवतीने कापावं लागलंच नाही, फावड्याने निघालं. धड लाकूड लागेपर्यंत मागे मागे गेले आणि तिथे तिरका, पायरीचा सांधा कोरला. नवा तुकडा ओकचा, एका पाडलेल्या कोठारातला, शंभरएक वर्षं वाळलेला. ओलं लाकूड घातलं असतं तर आकसताना सांधा उघडला असता. सांधा लोखंडाच्या एका खिळ्याशिवाय, ओकच्या खुंट्यांनी आवळला. खुंट्यांची भोकं किंचित चुकवून पाडतात, त्यामुळे खुंटी ठोकली की दोन्ही लाकडं एकमेकांकडे ओढली जातात. मी तो सांधा रोज संध्याकाळी हाताने चाचपायचे. नखाएवढी फट नव्हती.

नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला सुताराने वर्षाचा आकडा कोरला. पुढे कधी कुणी ही भिंत उघडली तर कुठलं लाकूड केव्हाचं, हे त्याला शोधत बसायला लागू नये, म्हणून.

मे महिन्यात आई आली. ती पोहोचली त्या दिवशी अंगणात मातीचे ढीग पडले होते. खराब झालेल्या खणांतली जुनी माती आम्ही फोडून पिंपांत भिजत घातली होती. भाजलेली वीट पुन्हा माती होत नाही, पण कच्ची माती कितीदाही भिजवा, परत वापरता येते. ढेकळं फोडताना त्यांतून जुना पेंढा निघायचा, चपटा आणि पिवळट, कुठे धान्याची फोलपटंही. सुतार म्हणाला, डिंकेल असणार. हा गव्हाचा जुना प्रकार या भागातलं मुख्य पीक होता. आणि एका मोठ्या ढेकळावर चार बोटं ओढल्याच्या खुणा होत्या, गिलावा धरावा म्हणून थापणाऱ्याने ओल्या मातीवर केलेल्या. आईने त्या खुणांत स्वतःची बोटं घालून बघितली. तिची बोटं जरा मोठी भरली. ती म्हणाली, "बाईचा हात आहे. नाहीतर पोराचा."

मग चपला काढून ती सरळ मातीत उतरली. मातीकामाला आलेल्या कारागिराला मराठी येत नव्हतं आणि आईला जर्मन, पण पेंढा किती, पाणी किती, यावर त्या दोघांचं दिवसभर चाललेलं असायचं. चिमटीत माती घेऊन ती दाबायची, चव घेतल्यासारखा चेहरा करायची आणि मान हलवायची. "ह्यात शेण नाही?" तिने मला विचारलं. मी कारागिराला विचारलं. तो म्हणाला, पूर्वी घालायचे, त्याने माती चिवट होते. आईला ते ऐकून फार समाधान वाटलं. सात खणांपैकी चार तिने थापले. मला तिने शिकवलं की माती लावायची नसते, फेकून आणि मनगटाच्या मुळाने दाबून कुडात घुसवायची असते, म्हणजे ती फांद्यांच्या मागे जाऊन धरते. हेच तो कारागीर मला आठवडाभर जर्मनमध्ये सांगत होता.

रात्री आम्ही दोघी आजीच्या घराबद्दल बोललो. ते घर २००९ मध्ये आम्ही पाडलं. तेव्हा माझंही मत पाडावं असंच होतं. दर दोन-तीन वर्षांनी कुडाची डागडुजी, उधई, पावसाळ्याआधीची धावपळ. चिऱ्याचं, स्लॅबचं घर हवंच होतं आणि त्यात आईचे कष्ट खरोखर कमी झाले. ते मी विसरत नाही. पण पाडण्याआधी कुणी एक नकाशाही काढला नाही. खांब कशाचे होते, कुणी बांधलं, माजघराच्या तुळईवर काही कोरलेलं होतं का, हे आता सांगणारं कुणी नाही. आजी गेली आणि कारवी केव्हा तोडायची, फुलून गेल्यावर की आधी, हे विचारायचंही राहिलं. इथे परक्या देशातल्या एका गल्लीतल्या घरासाठी लोक पाच महिने प्रश्न विचारत होते आणि मला ते वेळकाढूपणाचं वाटलं होतं. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने जुन्या घराचा आराखडा वहीच्या पानावर काढायला घेतला: ओटी, पडवी, माजघर, देवघर, न्हाणी. खांबांच्या जागा तिला सगळ्या आठवत होत्या. ते पान मी जपून ठेवलं आहे.

माती वाळायला सहा आठवडे लागले. आकसून भेगा पडल्या, त्या पडतातच; ओल्या फडक्याने पुसून पुन्हा भरल्या. जुलैत चुन्याचा पातळ गिलावा झाला. तो लाकडाच्या पातळीतच थांबवायचा असतो. लाकडाच्या पुढे उशीसारखा फुगला तर वरच्या कडेवर पाणी साचतं. नंतर पाण्यासारख्या पातळ चुन्याचे चार हात. लाकडाला जवसाच्या तेलाचा रंग, तांबडा, थर उघडताना सापडलेल्या जुन्या रंगाशी जुळवलेला. खिडक्या लाकडाच्या जुन्याच ठेवल्या, दुरुस्त केल्या आणि आतून दुसरी झडप बसवली. वारा यायचा थांबला. भिंतींना आतून लाकडाच्या तंतूंचे चार सेंटीमीटरचे पाट आणि त्यावर मातीचा गिलावा. नव्या घरांसाठीचे ऊर्जेचे कडक नियम संरक्षित वास्तूंना सवलतीने लागू होतात, त्यामुळे एवढं चाललं. घर पूर्वीपेक्षा पुष्कळ ऊबदार आहे, नव्या घराइतकं नाही. जानेवारीत आम्ही स्वेटर घालून जेवतो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी जर्मनीभर संरक्षित वास्तू लोकांना बघायला खुल्या ठेवतात. १९९३ पासूनची ही पद्धत आहे. आम्हीही दार उघडं ठेवलं. शेजारच्या गल्लीतल्या एक आजी बोलेनश्टूबेत येऊन बसल्या. लहानपणी त्या या घरात दूध आणून द्यायच्या म्हणे, आणि या खोलीत तेव्हा गडद हिरवा वॉलपेपर होता. मी त्यांना तो थर दाखवला, दाराशेजारी तळहाताएवढा उघडा ठेवलेला. त्यांनी चष्मा काढून तो जवळून पाहिला.

या जानेवारीत, आठवडाभर पाऊस आणि बर्फ पडून गेल्यावर, मी सुताराचं यंत्र मागून आणलं आणि उंबऱ्याच्या तुळईत सुया टोचल्या. नव्या तुकड्यात सोळा टक्के, जुन्यात सतरा. आईला लगेच फोन लावला. ती म्हणाली, "पावसाळ्यात परत मोज."